पगार, सोनं, भिशी, शेअर्स: जकातीचा हिशोब घरी बसून कसा करायचा

शाबान (रमजानच्या आधीचा महिना) लागला की आमच्या फॅमिली ग्रुपवर दरवर्षी हाच प्रश्न येतो, "या वर्षी जकात किती काढायची?" आणि त्याखाली दहा जणांची दहा उत्तरं. कोणी सांगतं पगाराच्या अडीच टक्के, कोणी म्हणतं फक्त सोन्यावर असते, आणि काही जण तर रमजानमध्ये दारावर येईल त्याच्या हातावर दोनशे-पाचशे ठेवून मोकळे. असं नसतं हो. जकात म्हणजे ऐपतवाल्या मुसलमानाने साठलेल्या मालातून दरवर्षी गरजूंना द्यायचा सक्तीचा अडीच टक्के वाटा, आणि ते हिशोबाचं काम आहे, वही-पेन घेऊन बसायचं काम, आणि एकदा नीट बसलात तर दुसऱ्या वर्षीपासून तासाभरात उरकतं. मी मुफ्ती (इस्लामी कायद्यावर मत देणारा जाणकार) नाही, अकाउंट्सवाला आहे, त्यामुळे नातेवाईकांचे कागद आपोआप माझ्याकडे येतात. मसला (धर्मनियमाचा प्रश्न) अडला की आम्ही मुफ्तीसाहेबांना विचारतो, बाकी गणित घरचं.

सगळ्यात आधी तारीख ठरवा. ज्या दिवशी तुमच्याकडे निसाबइतका (जकात लागू व्हायच्या किमान मर्यादेइतका) माल पहिल्यांदा जमा झाला ती तुमची तारीख, चांद्र कॅलेंडरची. आठवत नसेल (कोणालाच आठवत नाही) तर अंदाजाने एक ठरवा, समजा १ रमजान किंवा १५ शाबान, आणि मग ती दरवर्षी तीच ठेवायची. त्या दिवशी हातात जे असेल ते मोजायचं, फोटो काढल्यासारखं. आदल्या आठवड्यात पगार झाला असेल तर तोही त्यात, प्रत्येक रुपयाला स्वतंत्र वर्ष पूर्ण व्हायची वाट बघायची नाही. हे हनफी मत (हनफी आणि शाफई हे सुन्नी इस्लामी कायद्याच्या चार मजहबांपैकी, म्हणजे परंपरांपैकी, दोन). शाफईमध्ये काटेकोरपणे बघितलं तर प्रत्येक रकमेचं वर्ष वेगळं चालतं, पण जकात आगाऊ दिलेली चालते, त्यामुळे तिथेही लोक सोयीसाठी एकच तारीख धरतात. आणि रमजानच पाहिजे असं काही नाही, तुमची तारीख रज्जबमध्ये येत असेल तर रज्जबमध्येच द्या, जास्त सवाबासाठी (पुण्यासाठी) दोन महिने गरजूला ताटकळत ठेवण्यात काही अर्थ नाही.

ज्यांना ३१ मार्चची सवय आहे आणि इंग्रजी तारखेनेच करायचंय त्यांनी अडीच टक्क्यांऐवजी २.५७७ टक्के धरा. कारण चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, साधारण ११ दिवसांनी छोटं, ३३ इंग्रजी वर्षांत ३४ चांद्र वर्षं होतात. म्हणजे इंग्रजी तारखेने अडीच टक्केच देत राहिलात तर आयुष्यात एक-दोन वर्षांची जकात बुडते आणि पत्ताही लागत नाही.

आता निसाब, म्हणजे किती असल्यावर जकात लागू. आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी. बरोबर आहे, पण हा जुना तोळा, ११.६६४ ग्रॅमचा. सराफाकडे आज तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम. त्यामुळे "माझ्याकडे आठ तोळे आहेत, म्हणजे साडेसातच्या वर" असं नका करू. ग्रॅममध्येच बोला: सोनं ८७.४८ ग्रॅम, चांदी ६१२.३६ ग्रॅम. सराफाच्या तोळ्यात ते पावणेनऊ तोळे होतं. (अरब देशांतल्या संस्था ८५ आणि ५९५ ग्रॅम धरतात, फरक फार नाही.) नुसतं सोनं असेल, सोबत एक रुपया रोख नाही की चांदी नाही, तर सोन्याचा निसाब. पण असं कोण असतं? बँकेत चार पैसे असतातच, मग हनफी पद्धतीत सगळ्याची एकत्र किंमत करून चांदीच्या निसाबशी ताडायची. चांदीचा निसाब सोन्याच्या निसाबपेक्षा खूपच कमी रकमेचा, म्हणून बऱ्याच मध्यमवर्गीय घरांना वाटतं आपल्याला कुठली जकात, आणि बसते.

पुढे जायच्या आधी एक गोष्ट पक्की करा, तुम्ही हनफी की शाफई. घाटावर आणि मराठवाड्यात बहुतेक हनफी, आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, आणि मुंबईत लग्नं होऊन घराघरांत दोन्ही. जकातीत या दोघांमधला फरक किरकोळ नाही, पुढे उदाहरणात बघालच. मुख्य तीन जागा सांगतो. बाईच्या रोजच्या वापरातल्या, माफक दागिन्यांवर शाफईत जकात नाही, हनफीत आहे. कर्ज हनफीत वजा होतं, शाफईच्या प्रचलित मतात कर्जामुळे जकात कमी होत नाही. लहान मुलाच्या नावावरच्या पैशावर हनफीत जकात नाही, शाफईत आहे, पालकाने त्याच्या पैशातून काढायची. मी असे हुशार लोक पाहिलेत की दागिन्यांना शाफई, होमलोनला हनफी, मुलाच्या एफडीला परत हनफी. सगळीकडून सूट गोळा केली की जकात शून्यावर येते, पण तो हिशोब तुम्ही कोणाला दाखवणार आहात? एक बाजू धरा आणि नफा-तोटा दोन्ही तिचाच घ्या.

आणि हो, हिशोब माणशी असतो, घराचा नाही. नवऱ्याची वही वेगळी, बायकोची वेगळी. दागिने बायकोचे तर जकात तिच्यावर. तिच्या परवानगीने नवऱ्याने भरली तर भरली, पण "माझा नवरा बघतो ते सगळं" असं म्हणून सुटका नाही.

आता यादी. घर, गाडी, दुकानाचा गाळा, मशीन, फ्रिज, लॅपटॉप, यावर जकात नाही, मग ते कितीही महाग असो. भाड्याने दिलेल्या फ्लॅटच्या किमतीवर नाही, पण भाड्यातून जे साठलं ते मोजा. प्लॉटचं उत्तर घेतानाच्या नियतवर (हेतूवर) आहे: विकायचाच म्हणून घेतला असेल तर दरवर्षी आजच्या बाजारभावावर जकात, घर बांधायला किंवा "बघू पुढे मुलांना होईल" म्हणून घेतला असेल तर नाही.

सोन्याला आजचा मोडीचा भाव लावा, म्हणजे सराफ आज विकत घेताना जो देईल तो. घेतानाची मजुरी, खडे, मोती, हिरे यातलं काही धरायचं नाही (हिऱ्यावर जकात नाही, धंदा हिऱ्याचा नसेल तर). २२ कॅरेटला २२ चाच भाव. एकदा सराफाकडून सगळ्यांचं वजन करून कागदावर लिहून घ्या, निव्वळ वजन, खडे सोडून. तो कागद कपाटात राहू द्या, दरवर्षी फक्त भाव बदलायचा. बिस्किटं, नाणी, डिजिटल गोल्ड, सरकारचे गोल्ड बाँड, हे दागिने नव्हेत, त्यांच्यावर शाफईमध्येही जकात आहे. आणि लॉकरमध्ये गुंतवणूक म्हणून पडलेल्या हारालाही "वापरातला" म्हणू नका.

बँकेचं सोपं आहे: त्या दिवशीचा बॅलन्स, सेव्हिंग, एफडी, आरडी, वॉलेट सगळं. मुलीच्या लग्नाला ठेवलेत, घराच्या डाउनपेमेंटला ठेवलेत, तरी मोजायचे. हजसाठी बाजूला काढलेले पण अजून न भरलेले पैसेही मोजायचे. हज कमिटीकडे तिकिटाचे, राहण्याचे म्हणून भरून झाले ते सोडा. खात्यावर जमा झालेलं व्याज मात्र आधी वेगळं काढा, स्टेटमेंटमध्ये इंटरेस्टच्या एंट्र्या शोधून बेरीज करा. आपल्याकडचे बहुतेक मुफ्ती सांगतात की ते अडीच टक्के नाही, सगळंच्या सगळं गरजूला देऊन टाकायचं आणि सवाबाची नियत करायची नाही. व्याजाच्या पैशातून जकात भरली असं चालत नाही, हे मुद्दाम लिहितोय कारण करणारे आहेत.

भिशी. हे कुठल्याच ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये नसतं आणि आपल्याकडे प्रत्येक बाईची एक तरी असते. तुमचा नंबर अजून लागला नसेल तर आजपर्यंत जेवढे हप्ते भरलेत ती तुमची येणी, ती रक्कम मोजा. नंबर लागून पैसे उचलले असतील तर उरलेले हप्ते हे तुमच्यावरचं कर्ज. उचललेले पैसे खर्च झाले असतील तर ते गेले, शिल्लक असतील तर ते बँकेच्या बेरजेत आलेलेच आहेत, दोनदा धरू नका. लोकांना दिलेली उसनवारी, परत मिळण्याची खात्री असेल तर मोजा, बुडीत असेल तर मिळेल तेव्हा बघू.

पीएफ. कंपनी सक्तीने कापते तो भाग तुमच्या ताब्यात येतच नाही, म्हणून भारत-पाकिस्तानातल्या बहुतेक हनफी मुफ्तींचं मत असं की हातात पडेपर्यंत त्यावर जकात नाही आणि मागच्या वर्षांचीही नाही. मिळाल्यावर तो तुमच्या इतर मालात मिसळला की पुढच्या तारखेला मोजला जाईल. स्वतःहून जास्तीचा कापून घेता तो व्हीपीएफ मात्र तुमच्या मर्जीचा, त्यावर काढणं सावधपणाचं. पीपीएफ तर तुम्ही स्वतः जाऊन भरलेले पैसे, १५ वर्षं लॉक असले म्हणून काय झालं, भरलेली रक्कम मोजायची.

पगाराच्या अडीच टक्क्यांचं फॅड कुठून आलं तेही सांगतो. मलेशियात पगारावर थेट जकात घेतात, तिथे राज्यांच्या संस्था आहेत आणि भरलेली जकात इन्कम टॅक्समधून वळती होते. युसुफ अल-करजावींसारख्या (२०२२ मध्ये वारले) नावाजलेल्या विद्वानांनीही पगार हातात आल्यावरच जकात, हे मत मांडलं होतं. आखाती देशांत किंवा क्वालालंपूरला नोकरी करून आलेला माणूस ते इथे सांगतो. आपल्याकडचं प्रचलित मत सोपं आहे, पगारावर नाही, त्यातून जे उरलं आणि तुमच्या तारखेला हातात आहे त्यावर. दुसरं टोक पाकिस्तानचं, १९८० च्या कायद्याने तिथे १ रमजानला बँकाच सेव्हिंग खात्यातून अडीच टक्के कापायला लागल्या, शिया समाजाने त्याच वर्षी इस्लामाबादेत मोठं आंदोलन करून सूट मिळवली, आणि आजही अनेक जण तारखेआधी पैसे काढून घेतात. आपल्याकडे सरकार यात नाही, जबाबदारी तुमचीच.

शेअर्सवर जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह (इस्लामी कायदा) अकादमीने १९८८ मध्येच ठराव केलाय. सार असा: खरेदी-विक्रीसाठी घेतले असतील (ट्रेडिंग करता) तर पूर्ण बाजारभावावर अडीच टक्के. लांब पल्ल्यासाठी ठेवले असतील तर कंपनीच्या जकात लागू होणाऱ्या मालात, म्हणजे रोख, येणी, विकायचा माल यात, तुमचा जेवढा हिस्सा तेवढ्यावर. आता प्रत्येक कंपनीचा ताळेबंद कोण उघडणार, म्हणून काही जकात संस्था सरसकट बाजारभावाच्या २५ टक्क्यांवर हिशोब करू देतात. म्युच्युअल फंडाचंही तसंच. माझं वैयक्तिक म्हणणं, रक्कम छोटी असेल तर सरळ पूर्ण किमतीवर द्या, डोकं कशाला खपवायचं. कंपनी हलाल की नाही हा वेगळा विषय, आज नको. क्रिप्टोवर उलेमांचं (धर्मपंडितांचं) एकमत नाही, पण ज्याने विकण्यासाठी घेतलंय त्याने बाजारभावावर जकात काढावी एवढं बहुतेक जण सांगतात.

दुकानदारांनी तारखेला स्टॉक घ्या. विकायच्या मालाला आजचा भाव, खरेदीचा नाही. रॅक, काटा, फ्रीजर, टेम्पो सोडा. न खपणारा जुना माल असेल तर तो आज भंगारात जितक्याला जाईल तितकाच धरा.

रत्नागिरी-देवगडकडून हमखास येणारा प्रश्न, हापूसच्या बागेचं काय? शाफईत शेतमालाची जकात फक्त साठवून खाण्याच्या मुख्य धान्यावर (भात, गहू, डाळी) आणि खजूर-द्राक्षांवर. आंबा, काजू यात येत नाही. इमाम अबू हनीफांच्या (ज्यांच्यावरून हनफी हे नाव) मते मात्र जमिनीतून येणाऱ्या सगळ्यावर उश्र (पिकाची जकात), पावसावर पिकलं तर दहावा हिस्सा, पाणी देऊन पिकवलं तर विसावा, फक्त भारतातल्या जमिनींना उश्र लागतो का यावर हनफी उलेमांमध्ये जुना वाद आहे. शाफई बागायतदारानेही खूश व्हायचं कारण नाही, आंब्याचे आलेले पैसे खात्यावर पडले की ते साधे पैसे झाले, वर्षभर राहिले तर त्यांच्यावर अडीच टक्के.

वजाबाकी हनफींसाठी. व्यापाऱ्याचं देणं, उसने घेतलेले, थकलेलं भाडं, बिलं, भिशीचे उरलेले हप्ते. होमलोनवर गाडी अडते, कारण वीस वर्षांचं चाळीस लाखांचं कर्ज पूर्ण वजा केलं तर फ्लॅटवाल्या कोणाचीच जकात निघणार नाही, आणि खरा पैसेवाला सगळ्यात जास्त कर्जात असतो. म्हणून आजचे मुफ्ती पूर्ण कर्ज धरू देत नाहीत. काही जण येत्या वर्षभराचे हप्ते वजा करा म्हणतात, काही फक्त आत्ता देय झालेला.

उदाहरण घेऊ, भाव गणिताला सोपे म्हणून घेतलेत, आजचे समजू नका. सोनं ग्रॅमला १०,०००, चांदी ग्रॅमला २००. म्हणजे चांदीचा निसाब १,२२,४७२ रुपये. बायकोकडे १२० ग्रॅमचे दागिने, १२ लाख. बँकेत ६०,०००. पाच हजारांच्या भिशीचे चार हप्ते भरलेत, २०,०००. बेरीज १२,८०,०००, हनफी असेल तर जकात ३२,०००. तीच बाई शाफई असेल आणि दागिने खरंच वापरातले असतील तर उरतात ८०,०००, निसाबच्या खाली, जकात शून्य. बघा किती फरक पडला, म्हणून म्हटलं आधी ठरवा. (आणि "माझ्याकडे रोख नाही, ३२ हजार कुठून देऊ" हे खरं असतं बऱ्याचदा. दर महिन्याला अडीच-तीन हजार आगाऊ देत जा, तारखेला फक्त फरक काढायचा.)

नवरा हनफी, हार्डवेअरचं दुकान. माल ४ लाख, वसूल होणारी उधारी ६०,०००, बँक ९०,०००, लांब पल्ल्याचे शेअर्स २ लाखांचे, त्याचे २५ टक्के ५०,०००. बेरीज ६ लाख. होलसेलवाल्याचं देणं ८०,०००, होमलोनचा हप्ता महिना १०,०००. वर्षाचे हप्ते धरले तर वजा २ लाख, उरले ४ लाख, जकात १०,०००. एकच हप्ता धरला तर वजा ९०,०००, उरले ५,१०,०००, जकात १२,७५०. पावणेतीन हजारांसाठी मी तरी दुसरा रस्ता धरेन.

मागच्या वर्षांची राहिली असेल तर ती माफ होत नाही, अंगावर कर्जच असते. त्या त्या वर्षी साधारण काय होतं ते पासबुक बघून काढा आणि हप्त्याने फेडा.

द्यायची कोणाला, हे कुरआनात सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत आहे, आठ प्रकार: फकीर आणि मिस्कीन (दोन्ही गरिबांचेच प्रकार), जकात गोळा करणारे कर्मचारी, ज्यांची मनं जोडायचीत ते, गुलामांची सुटका, कर्जबाजारी, अल्लाहच्या वाटेत, आणि अडकलेला प्रवासी. आई-वडील, आजी-आजोबा, मुलं, नातवंडं यांना नाही, त्यांचं तुम्ही तसंही बघायचं असतं. सय्यद घराण्यातल्यांना नाही. भाऊ, बहीण, खाला, चाचा, मामू गरजू असतील तर चालतं, उलट जास्त चांगलं, सदकाही (दानही) आणि नातंही. आणि त्यांना "ही जकात आहे" असं सांगायची गरज नाही, नियत तुमच्या मनात असली की झालं, ईदी म्हणून द्या, मुलांच्या फीला म्हणून द्या. विधवा बहिणीला पाकिटावर "जकात" लिहून देणाऱ्यांना मी काय बोलू. गैरमुस्लिम शेजाऱ्याला मदत करायची असेल तर नफल (ऐच्छिक) सदक्यातून बिनधास्त करा, जकातीचा पैसा चारही मजहबांत साधारणपणे मुसलमान गरजूंसाठी धरलाय.

मशिदीचं छत, कब्रस्तानची भिंत, हॉस्पिटलची इमारत यात जकात लागत नाही, कारण हनफी नियमाने पैसा गरजूच्या मालकीचा व्हायला हवा. आणखी एक पळवाट बंद करतो: कोणाकडे तुमचे २० हजार बुडालेत, म्हणून "जा, जकातीत माफ केले" असं होत नाही. तो खरंच गरीब असेल तर त्याला २० हजार हातात द्या, मग त्याने फेडले तर घ्या.

रेशन किटपेक्षा रोख बरी, हे माझं मत. ज्याच्या घरात रिक्षाचा हप्ता थकलाय त्याला चौथं रूह अफजा काय कामाचं? आणि एका माणसाला नीट द्या, पन्नास जणांना दोनशे-दोनशे देऊन कोणाचंच काही सुटत नाही. एखाद्या मुलाची वर्षाची फी, एखाद्या बाईला शिलाई मशीन, तिच्या नावावर. संस्थेला देत असाल तर जकात आणि इतर देणग्यांची खाती वेगळी ठेवता का, हे विचारा, आणि पावतीवर जकात लिहून घ्या. टॅक्समध्ये देणगीची सूट फक्त नोंदणीकृत संस्थेला दिलं तर आणि जुन्या टॅक्स रेजीममध्ये असाल तरच, तीही २,००० च्या वरची रोख चालत नाही, यूपीआय किंवा चेक करा. मावशीला दिलेल्या जकातीवर सूट नाही, साहजिक आहे.

फितरा (रमजान ईदचं धान्यदान) यात मिसळू नका, तो वेगळा, ईदच्या नमाजाआधी, घरातल्या प्रत्येकामागे. हनफीत पावणेदोन किलोच्या आसपास गहू किंवा त्याची किंमत. शाफईत एक साअ (जुनं माप), म्हणजे साधारण अडीच-तीन किलो, जे धान्य तुमच्याकडे मुख्य ते, कोकणात अर्थातच तांदूळ, आणि किंमत न देता तांदूळच द्यायचा. मुंबईतले बरेच शाफई सोयीसाठी हनफी मताने रोख देतात. बाळ शेवटच्या रोजाच्या मगरिबनंतर (सूर्यास्तानंतर) जन्मलं तर शाफईत त्याचा फितरा नाही, हनफीत मात्र ईदच्या फज्रच्या (पहाटेच्या) आधी जन्मलं तरी त्याचा काढायचा.